खाड्याचा हिशेब

मुकादमाची वही दोनशे पानी होती, मुलं शाळेत वापरतात तसली. पुठ्ठ्यावर क्रिकेटपटूचं चित्र. आत पेनानं आखलेले रकाने, डावीकडे नावं, पुढे तारखा. बहुतेक चौकटींत बरोबरची खूण होती. मधूनच एखाद्या चौकटीत गोल काढून आत ‘खा’ लिहिलेलं. खा म्हणजे खाडा. त्या दिवशी तो कोयता फडात आला नाही.

नावं मोजली. सतरा. सगळी पुरुषांची. समोर उसात वाकलेल्या माणसांत निम्म्याहून जास्त बाया दिसत होत्या. मी विचारलं, तर मुकादम म्हणाला, “ताई, कोयता म्हणजे जोडी. नवऱ्याचं नाव लिहिलं की बाई आलीच त्यात.”

“आणि बाई आजारी पडली तर?”

“मग जोडीचा खाडा. एकटा माणूस ऊस तोडंल, पण मोळ्या कोण बांधणार? वाहणार कोण?”

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘किंमत’ हा विषय दिला, तेव्हा ही वही माझ्या डोळ्यांसमोर आली. फेब्रुवारीत मी कऱ्हाड तालुक्यातल्या एका फडावर गेले होते. ही टोळी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातली. जूनमध्ये त्यांच्या गावीही जाऊन आले. गरिबाला उपचार मिळत नाहीत ते डॉक्टर महाग म्हणून, अशी माझीही समजूत होती. या दोन फेऱ्यांत ती पार बदलली.

फडावर

जोडीतला पुरुष बुंध्याशी कोयता घालतो, वाढं तोडतो. बाई पाचट काढते, उसाच्या मोळ्या बांधते. गाडी आली की मोळी डोक्यावर घ्यायची आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला तिरप्या लावलेल्या फळीवरून वर चढायचं. मोळी तीस-चाळीस किलोची. अशा टोळ्यांना ‘डोकी सेंटर’ म्हणतात. नावातच सगळं आलं. गाडी यायची वेळ ठरलेली नसते. रात्री अकराला आली तर अकराला भरायची, पहाटे दोनला आली तर दोनला. स्वयंपाक, पाणी, लेकरं हे त्याच्या आधी आणि नंतर.

शेताच्या कडेला कोप्या होत्या. बांबूच्या कामट्या, वर प्लास्टिकचा कागद, आत चूल. माणूस वाकून आत जातो आणि वाकूनच बाहेर येतो. संडास नाही. पाणी कालव्याचं नाही तर शेतकऱ्याच्या मोटारीचं, मोटार चालू असेल तेव्हा. पाळीच्या दिवसांत कापड वापरायचं, ते धुवायला आडोसा नाही, वाळवायला उन्हाची जागा नाही. मग ओलसर कापडच पुन्हा घ्यायचं. उठाबस करायला अंधार पडण्याची वाट बघायची आणि दिवसभर पाणी कमी प्यायचं. लघवीची जळजळ, अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, कंबर धरणं यांतलं काही ना काही त्या सतरा कोप्यांतल्या बहुतेक बायांना होतं. हे काही दुर्मीळ आजार नाहीत. वेळेवर तपासलं, औषधाचा कोर्स पुरा केला, कोरडं कापड आणि स्वच्छ पाणी मिळालं, तर यातलं बरंचसं आठ-पंधरा दिवसांत आटोक्यात येतं.

“मग दवाखान्यात का जात नाही?” मी एका मावशींना विचारलं. वय त्यांनाच नेमकं सांगता येईना. “पस्तिसाच्या आत असंल,” त्या म्हणाल्या. डोक्यावर चुंबळ तशीच होती.

“जायला काय, जाईन की. पण खाडा पडतो ना, ताई.”

प्राथमिक आरोग्य केंद्र तिथून सहा किलोमीटरवर होतं. चांगलं केंद्र. डॉक्टर हजर, औषधं शिल्लक. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले आहेत, केसपेपरचेसुद्धा पैसे लागत नाहीत. म्हणजे फी शून्य. पण बाह्यरुग्ण विभाग सकाळी उघडतो तेव्हा मावशींचा दिवस सुरू होऊन तीन-चार तास झालेले असतात, आणि त्या मोकळ्या होतात तेव्हा तिथं फक्त रात्रपाळीची नर्स असते.

पुढचा हिशेब मुकादमानंच मला करून दाखवला. त्याला तो तोंडपाठ होता. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला २७३ चा ३६६ रुपये झाला. धडधाकट जोडी दिवसाला दोन टनांपर्यंत तोडते, म्हणजे ७३२ रुपये. दवाखान्यात गेल्यावर ते बुडाले. वर खाड्याचा दंड. या टोळीत तो दिवसाला हजार आहे, काही ठिकाणी पाचशे. मोफत तपासणीची किंमत झाली १,७३२ रुपये. रिक्षाभाडं वेगळं.

मुकादम वाईट माणूस वाटला नाही. त्याच्या बायकोनंही पंधरा हंगाम मोळ्या वाहिल्या आहेत. त्याला कारखान्याकडून टोळीसाठी मिळालेली रक्कम त्याच्या सहीवर आलेली असते, टोळीनं ऊस कमी घातला तर वसुली त्याच्या मागे लागते, म्हणून तो खाली दंड लावतो. दुखणं बाईच्या पोटात असतं आणि त्याचा हिशेब कारखान्याच्या वजनकाट्यावर होतो. मधल्या कुणालाही ते दुखणं दिसत नाही.

उचल

हे सगळं उचलीभोवती फिरतं. पावसाळ्यात, घरात दाणे संपत आलेले असताना, मुकादम जोडीला आगाऊ पैसे देतो. पन्नास हजार, लाख, हल्ली त्याहूनही जास्त. त्या पैशांत लग्न होतं, जुनं देणं फिटतं, छपरावर पत्रे पडतात. मग दसरा झाला की ट्रक येतो आणि कोयता चार-पाच महिने ती रक्कम फेडत राहतो. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. बालाघाटच्या डोंगररांगांतली जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा, विहिरी उन्हाळ्याआधीच आटतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार इथली गावंच्या गावं दिवाळीच्या सुमाराला रिकामी होतात. मागे म्हातारी माणसं आणि शाळकरी मुलं. राज्यात ऊसतोडीला बाहेर पडणाऱ्यांचा अंदाज दहा-बारा लाखांचा सांगतात.

या लाखो माणसांचा मालक कोण, हा प्रश्न कागदावर सुटलेला नाही. करार मुकादमाशी, मुकादमाचा करार तोडणी-वाहतुकीच्या व्यवस्थेशी, आणि कारखाना सर्वांत शेवटी. त्यामुळे कारखान्यातल्या कायम कामगाराला असतं तसं विम्याचं किंवा पगारी रजेचं संरक्षण फडातल्या बाईपर्यंत येत नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं. त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचे, तेवढीच भर सरकारनं घालायची असं ठरलं. ग्रामसेवकांकडून नोंदणी आणि ओळखपत्रंही सुरू झाली. ही चांगली सुरुवात आहे, आणि ती मी मनापासून मोजते. पण फेब्रुवारीत त्या सतरा कोप्यांत मला बाईच्या नावाचं ओळखपत्र एकाच घरात बघायला मिळालं. ते पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या फोटोखाली ठेवलेलं होतं.

आशाताईंचा प्रश्नही असाच आहे. आशा कार्यकर्ती आपल्या गावच्या लोकसंख्येसाठी नेमलेली असते. गरोदर बाया, लहान मुलं, लसीकरण हे सगळं ती आपल्या यादीवरून बघते. धारूरच्या आशाताईच्या यादीत ही बाई आहे, पण ती गावात नाही. कऱ्हाडच्या आशाताईच्या गावात ती आहे, पण यादीत नाही. तिथल्या आशाताई तरीही कोप्यांवर येऊन गेल्या होत्या, एका गरोदर मुलीला लोहाच्या गोळ्या देऊन गेल्या होत्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. “शेजारी राहतात, कसं नाही बघायचं?” एवढंच त्या म्हणाल्या.

पिशवी

जूनमध्ये धारूरच्या त्या गावात पोचले तेव्हा पेरणीची घाई नव्हती, कारण पाऊसच नव्हता. देवळाच्या ओट्यावर आठ-नऊ जणी जमल्या. आशाताई सोबत होत्या म्हणून बोलणं मोकळं झालं.

गर्भाशय हा शब्द इथं कुणी वापरत नाही. पिशवी म्हणतात. “माझी पिशवी काढलीय.” “हिची पण काढलीय.” “आमच्या घरात सासूची, माझी, जावेची.” दात काढल्याचं सांगावं इतक्या सहज. ओट्यावरच्या नऊ जणींत चौघींची पिशवी काढलेली होती. सर्वांत लहान होती ती सव्वीस वर्षांची, दोन मुलांची आई.

बीडमधल्या या शस्त्रक्रियांची बातमी २०१९ मध्ये राज्यभर पोचली. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळी बीड जिल्ह्यात ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ बायांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. सहा जणींमागे एक. देशात १५ ते ४९ वयोगटातल्या बायांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. वयोगटांची तुलना तंतोतंत नाही हे मान्य करूनही हा फरक नजरेआड करता येणार नाही.

तेव्हा बहुतेक चर्चा डॉक्टरांच्या लोभाभोवती झाली. तो लोभ खरा आहे. ओट्यावरच्या चौघींपैकी तिघींना एकच वाक्य ऐकवलं गेलं होतं: “काढली नाही तर कॅन्सर होईल.” सोनोग्राफीच्या कागदावर बोट ठेवून सांगितलेलं. जिला आपला कागद वाचता येत नाही तिला असं सांगून पोट उघडायला लावणं हा गुन्हा आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. समितीनंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयाला अशी शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही, राजस्थान, बिहार आणि छत्तीसगडमधल्या अशाच शस्त्रक्रियांच्या प्रकरणात, सर्व राज्यांना अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं.

तरीही, डॉक्टरनं फसवलं एवढंच सांगितलं तर या बायांवर अन्याय होतो. त्या भोळ्या नाहीत. सव्वीस वर्षांच्या त्या मुलीनं मला तिचा हिशेब सांगितला, आणि तो मुकादमाच्या हिशेबाइतकाच पक्का होता.

“पाळी आली की दोन दिवस उठता येईना. रक्त लई जायचं. महिन्याला दोन खाडे. पाच महिन्यांचे दहा. आमचे मालक म्हणले, हे असंच चाललं तर उचल फिटायचीच नाही. मग काढून टाकली. कटकट गेली.”

मी वहीत गुणाकार केला. दहा खाडे, प्रत्येकी १,७३२. हंगामाला सतरा हजारांवर. तिच्या शस्त्रक्रियेला पस्तीस हजार लागले होते. दोन हंगामांत जवळजवळ सगळा खर्च वसूल.

ती आकडेमोड बघून मला काही सुचेना. गरिबी माणसाला चुकीचे निर्णय घ्यायला लावते असं आपण सहज म्हणून जातो. इथं तर तिच्यापुढे जे आकडे होते त्यांत तिचा निर्णय बरोबर होता. त्या आकड्यांत तिच्या हाडांना, तिच्या पुढच्या चाळीस वर्षांना कुठलाच रकाना नव्हता. आणि महिन्याच्या रक्तस्रावावर आधी गोळ्यांनी उपचार करता येतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

पस्तीस हजार आले कुठून? मुकादमाकडून. पुढच्या उचलीत धरले.

नंतरचं दुखणं

पिशवीसोबत बीजकोशही काढले तर बाईला रजोनिवृत्ती एका दिवसात येते. निसर्ग जे पंचेचाळीस-पन्नाशीत हळूहळू करतो ते पंचविशीत एका सकाळी होतं. अंगाची लाहीलाही, रात्री घाम, झोप उडणं, आणि आतल्या आत हाडं ठिसूळ होत जाणं. हृदयविकाराचा धोकाही वाढतो. बीजकोश ठेवले तरी पुष्कळदा ते लवकर काम थांबवतात. चौघींपैकी एकीलाही आपले बीजकोश आहेत की काढले हे माहीत नव्हतं. डिस्चार्जचा कागद दोघींकडे होता. एकीचा पावसात भिजला होता.

त्यांतल्या सर्वांत थोरल्या मावशी, चाळिशीच्या, भिंतीला टेकून बसल्या होत्या. पिशवी काढून अकरा वर्षं झाली. “पोट दुखायचं थांबलं, पण आता कंबर दुखायली, टाचा दुखायल्या. मोळी उचलली की चक्कर. पहिल्यापेक्षा जास्त खाडे पडायला लागले.” दोन हंगामांपासून त्यांचा नवरा ‘अर्धा कोयता’ म्हणून एकटा जातो. अर्ध्या कोयत्याला उचल अर्धी. घरची कमाई निम्मी झाली म्हणून सोळाव्या वर्षी मुलाचं लग्न लावून दिलं, म्हणजे जोडी पुरी होते. सून चौदाची. हे त्यांनी खाली बघत, हळू आवाजात सांगितलं. कायद्यानं गुन्हा आहे हे त्यांना ठाऊक होतं.

खाडे वाचवायला काढलेली पिशवी पुढे खाडेच वाढवते, आणि तिची भरपाई घरातली पुढची मुलगी करते. ओट्यावर माझ्यासमोर हे सासू-सून होऊन बसलं होतं.

शेजारच्या जिल्ह्यातलं काम

ज्या कॅन्सरची भीती घालून या शस्त्रक्रिया झाल्या, त्याच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर जगानं दखल घेतलेलं काम याच भागात, अगदी शेजारी झालेलं आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत नर्गिस दत्त यांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये तिथं सुरू झाली. पुढे त्याच रुग्णालयाचे डॉ. नेने आणि टाटा मेमोरियलमधले त्यांचे सहकारी यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ बायांवर अभ्यास केला. वय ३० ते ५९, राहणाऱ्या खेड्यांत. गावसमूहांचे चार गट केले: एका गटात एचपीव्ही या विषाणूची चाचणी, इतर दोन गटांत वेगळ्या तपासण्या, आणि चौथ्यात नेहमीची सेवा. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २००९ मध्ये, निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदा एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू चौथ्या गटाच्या जवळपास निम्मे होते.

मुळात या विषाणूच्या संसर्गापासून कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात. तेवढा वेळ हाताशी असतो. तीस वर्षांच्या बाईला एकदा तपासायचं, काही दिसलं तर छोट्या उपचारानं तेवढाच भाग काढायचा. पिशवी जागेवर राहते. या अभ्यासासाठी कार्यकर्त्या घरोघर गेल्या, बायांशी बोलल्या, गाडीची सोय केली. शेतमजूर बाया आल्या, हजारोंनी आल्या. खेड्यातली बाई तपासायला येत नाही, तिला लाज वाटते, असं आता कुणी म्हटलं की मला बार्शीची आठवण होते. धारूरपासून बार्शी फार लांब नाही.

कागद

समितीच्या शिफारशींमधली एक गोष्ट गावात प्रत्यक्ष दिसली. तोडणीला जाण्यापूर्वी आणि परतल्यावर बायांची आरोग्य तपासणी. मागच्या दसऱ्याच्या आसपास शाळेत शिबिर झालं होतं. रक्त, रक्तदाब, आणि तक्रार असेल तिचा नमुना. आशाताईंनी त्याची वही मला दाखवली. ही वही मुकादमाच्या वहीपेक्षा जुनी दिसत होती, पण रकाने तसेच. फक्त इथं नावं बायांची होती.

एका नावापुढे लाल शाईत ‘तोडणीला गेली’ लिहिलेलं. त्या पानाला टाचणीनं एक कागद लावला होता. नमुना घेतला त्या दिवसापासून रिपोर्ट यायला पंधरा दिवस लागले. ट्रक आठव्या दिवशी आला. फोन लावला तर नवऱ्याचा, तोही महिनाभर बंद. कागद तिथंच राहिला.

“काय आहे यात?” मी विचारलं.

“सूज आहे. जंतुसंसर्ग. गोळ्यांचा कोर्स लिहिलाय, नवऱ्यालाही घ्यायला सांगितलाय.” आशाताईंनी कागद सरळ केला. “एप्रिलात आली ती. पण मी लेकीच्या बाळंतपणाला गेले होते महिनाभर. आल्यावर कळलं, शेजारणीनं तिला एका खासगी दवाखान्यात नेलं होतं. पुढच्या आठवड्यातली तारीख घेतलीय तिनं. पिशवीची.”

शल्यचिकित्सकांच्या परवानगीचं काय, असं मी विचारलं. “दुसऱ्या जिल्ह्यातला दवाखाना सांगितलाय कुणीतरी,” त्या म्हणाल्या.

आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. दोन खोल्या, नवे पत्रे, अंगणात कोयते धार लावून ठेवलेले. ती शेणानं सारवत होती. हात तसेच ठेवून उभी राहिली. आशाताईंनी कागद वाचून दाखवला, मग पुन्हा सावकाश समजावून सांगितला. कॅन्सर नाही. सूज आहे. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतील, दोघांनी घ्यायच्या, मग पुन्हा तपासू.

ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. वाचता येत नव्हतं, तरी बघत राहिली.

“हे कधीचं आहे?”

“तू गेलीस तेव्हाचं.”

“म्हणजे हंगामभर मी...” ती थांबली. मग पदरानं हात पुसून तिनं कागद मागून घेतला, चार घड्या केल्या आणि ब्लाउजमध्ये ठेवला.

“मालकांना सांगावं लागंल. त्यांनी पैशाचं बोलून ठेवलंय मुकादमाशी.”

“मी सांगते त्यांना,” आशाताई म्हणाल्या. “उद्या सकाळी येशील का केंद्रावर? नऊ वाजता डॉक्टरबाई असतात.”

“नऊला ना? येते की,” ती म्हणाली. “सध्या कुठं खाडा आहे.”